बाबांचा कीपॅड फोन, ड्रॉवरमधले दोन जुने स्मार्टफोन आणि बंद पडत चाललेली नेटवर्कं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७४ वर्षांचे, गाव सांगोला तालुक्यात, हातात नोकियाचा जुना कीपॅड फोन आणि त्यात एअरटेलचं सिम. धाकटा भाऊ म्हणाला २जी बंद होणारे, जिओ घेऊन टाका, म्हणून त्यानं जिओचं सिम घातलं तर फोनवर नेटवर्कच येईना, मग घरात सगळ्यांचं ठरलं की फोन गेला. ड्रॉवरमध्ये एक गॅलेक्सी एस३ आणि एक आयफोन ५एस पडून आहे, त्यातलं काही बाबांना चालेल का हा दुसरा प्रश्न. आणि पुढच्या महिन्यात बाबा लेकीकडे मेलबर्नला चाललेत, तिकडे काय चालेल हा तिसरा.

मी तालुक्याच्या गावी मोबाईल विक्री आणि रिपेअरिंगचं दुकान चालवतो, त्यामुळे हे तिन्ही प्रश्न काउंटरवर येतच असतात. आधी जीव भांड्यात पडू द्या, बाबांचा फोन गेलेला नाहीये. एअरटेलचं सिम परत घाला, कॉल लागेल. जिओकडे २जी पण नाही आणि ३जी पण नाही, ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झाले तेच थेट ४जीवर, आता वर ५जी आलं. म्हणजे फक्त २जी समजणाऱ्या फोनला जिओचा टॉवर दिसतच नाही, टॉवर शेजारच्या पत्र्यावर असला तरी. यात फोनचा दोष नाही आणि सिमचा पण नाही.

लोक विचारताना "जुना फोन चालेल का" असं विचारतात, पण फोन किती वर्षांचा आहे यावरून काही कळत नाही. विचारायचं असं की तुमचं बोलणं, म्हणजे साधा कॉल, या फोनमधून कुठल्या रस्त्यानं जाणार आणि तो रस्ता तुमच्या कंपनीनं तुमच्या भागात चालू ठेवलाय का. नेट वेगळं, कॉल वेगळा. नेट ४जीवर मस्त चाललंय पण कॉल लागत नाही असे फोन पण आहेत, आणि कॉल खणखणीत पण नेटच्या नावानं शून्य असे पण आहेत.

आपल्याकडे झालंय उलटंच. सगळ्यात जुनं आधी बंद पडेल असं वाटतं ना, पण तीन भावांतला मधलाच आधी गेला. एअरटेलनं २०१९ ला कोलकात्यापासून ३जी बंद करायला सुरुवात केली आणि २०२० पर्यंत देशभर आवरलं, व्हीआयनं २०२१ पासून मुंबई-दिल्लीसारख्या ठिकाणी ते स्पेक्ट्रम, म्हणजे ३जीच्या लहरींची जागा, ४जीकडे वळवलं, आणि बीएसएनएल जसजसं ४जी लावतंय तसं ३जी काढत चाललंय. २जी मात्र या तिघांकडेही अजून चालू आहे. कारण अगदी हिशोबाचं आहे, ३जीच्या एका कॅरियरला, म्हणजे सिग्नलच्या एका पट्ट्याला, ५ मेगाहर्ट्झ जागा लागते आणि २जीच्या एका कॅरियरला ०.२ मेगाहर्ट्झ. म्हणजे कंपनी थोडीशी पट्टी बाजूला ठेवून २जीवर कोट्यवधी लोकांचे साधे कॉल भागवू शकते, पण ३जी ठेवायचं तर मोठा तुकडा अडकून पडतो आणि त्याच तुकड्यात ४जी लावलं तर कितीतरी जास्त नेट विकता येतं. ३जीवाल्या फोनला कॉलसाठी २जी असतंच, मग ३जी कशाला सांभाळा.

म्हणून गंमत अशी की २००६ चा बिनकॅमेऱ्याचा नोकिया आज बिनधास्त कॉल करतो, आणि २०१२ ला भरपूर पैसे मोजून घेतलेला एस३ नेटच्या बाबतीत त्याच्याच पंगतीला येऊन बसलाय. तुमच्या एस३ चं उत्तर इथेच आलं बघा. भारतात विकलेला एस३ ३जीपर्यंतचाच. एअरटेलचं सिम घातलं तर कॉल होतील, एसएमएस येतील, ओटीपी येईल, पण नेटच्या जागी वर नुसतं ई (म्हणजे २जीचं संथ नेट) दिसेल आणि त्या ई वर आजकालचं साधं वेबपेज उघडेपर्यंत चहा होतो. शिवाय व्हॉट्सॲपनं १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ५ च्या खालचे फोन सोडून दिलेत, एस३ ला सॅमसंगनं दिलेलं शेवटचं अँड्रॉइड ४.३, म्हणजे घरच्या वायफायवर पण व्हॉट्सॲप नाही. नेटवर्क बंद होणं आणि ॲपनं फोनला टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गिऱ्हाईक दोन्हीला मिळून "फोन बंद पडला" म्हणतं.

आयफोन ५एस ची केस जास्त बघण्यासारखी आहे. हा ४जी फोन आहे, पण यात व्होल्टी नाही, ॲपलनं व्होल्टी आयफोन ६ पासून दिलं. व्होल्टी म्हणजे बोलणं ४जीवरूनच जाणं. ते नसलं की काय होतं, कॉल आला की फोन ४जी सोडून खाली २जीवर उतरतो, बोलणं झालं की परत वर चढतो. एअरटेल, व्हीआय, बीएसएनएलवर खाली उतरायला २जी आहे म्हणून ५एस वर कॉल होतात, फक्त कॉल लागायला दोन-चार सेकंद जास्त आणि बोलताना नेट मेलेलं. जिओवर खाली काहीच नाही, त्यामुळे ५एस मध्ये जिओ घातलं तर ४जीच्या दांड्या फुल दिसतील आणि डायल केलं की कॉल फेल. २०१६-१७ ला असे फोन रोज यायचे, तेव्हा जिओचं एक कॉलिंगचं ॲप टाकून लोक काम चालवायचे. बाबांना ते ॲप सांभाळायला लावू नका. आणि ५एस ला आयओएस १२ च्या पुढचं काही मिळत नाही, व्हॉट्सॲपला २०२५ पासून आयओएस १५.१ लागतं, तेव्हा व्हिडिओ कॉलसाठी म्हणून तो बाहेर काढणार असाल तर ते होणार नाही.

आता स्वतः तपासायचं कसं ते सांगतो, दुकानात मी हेच करतो आणि यात कुठलं ॲप लागत नाही. फोनमध्ये चालू रिचार्जचं सिम घाला, वायफाय बंद, नेट चालू. वरच्या पट्टीत काय लिहून येतंय ते आधी बघा, ४जी, एच (म्हणजे ३जी), ई जे असेल ते. मग घरातल्याच दुसऱ्या नंबरवर कॉल लावा आणि कॉल उचलल्यावर फोन कानाला लावू नका, स्क्रीनकडे बघत राहा. ४जी किंवा व्होल्टी तसंच राहिलं तर बोलणं ४जीवरून चाललंय. ४जी जाऊन तिथे ई आलं किंवा काहीच राहिलं नाही तर फोन खाली उतरलाय, म्हणजे हा फोन २जीच्या भरवशावर आहे. अजून खात्री हवी असेल तर बोलता बोलता ब्राउझर उघडून काहीतरी शोधा, पान उघडलं की समजा व्होल्टी चालू आहे. नवीन दिसणारे फोन पण या टेस्टला फेल जातात, कारण सेटिंगमध्ये व्होल्टीचं बटण कुणीतरी बंद केलेलं असतं.

याच्याही आधी दोन फालतू वाटणारी कारणं तपासा. एक म्हणजे सिमचं खण. २०१६-१७ च्या बऱ्याच ड्युअल सिम फोनमध्ये ४जी एकाच खणात चालायचं, दुसरं खण फक्त २जीचं. दुसऱ्या खणात जिओ घातलं की नो सर्व्हिस. खण बदललं की फोन "दुरुस्त", आणि त्याचे पैसे घ्यायची पण लाज वाटते. दुसरं म्हणजे सिमच जुनं असतं. बाबांचं सिम दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं असेल तर ते ४जी फोनमध्ये घातलं तरी ४जी धरणार नाही, कंपनीच्या दुकानातून त्याच नंबरचं ४जी सिम बदलून घ्यावं लागतं, आधार घेऊन बाबांना स्वतः जावं लागेल. आणि ते नवीन नॅनो सिम परत नोकियात घालताना जो प्लास्टिकचा ॲडॉप्टर वापरतात ना, तो रिकामा कधी आत सरकवू नका, आतल्या पिना त्याच्या भोकात अडकतात आणि बाहेर ओढताना उपटून येतात. सिम ॲडॉप्टरमध्ये बसवून मागून सेलोटेपचा पातळ तुकडा लावा आणि मगच घाला.

नोकियाच वापरायचा ठरला तर बॅटरी बघा. बीएल-५सी असेल तर काढून सपाट टेबलावर ठेवा आणि बोटानं फिरवा, भोवऱ्यासारखी फिरली तर फुगलीय, लगेच बदला. असल्या फोनला रेंज येत नाही म्हणून आणतात तेव्हा निम्म्या वेळा बॅटरीच कमजोर असते, टॉवर शोधताना फोन जास्त करंट ओढतो आणि तिथेच मान टाकतो.

मग २जी कधी बंद होणार, हा भावाचा मुद्दा. सरकारनं देशभरासाठी अशी कुठली तारीख दिलेली नाही, कधी बंद करायचं हे कंपन्यांच्या हातात आहे. २०२० मध्ये मोबाईल सेवेला २५ वर्षं झाली तेव्हा मुकेश अंबानींनीच २जी इतिहासजमा करा म्हणून सांगितलं होतं, त्यांच्याकडे २जी नाहीच त्यामुळे ते म्हणणारच. एअरटेल आणि व्हीआयची अजून बरीच गिऱ्हाईकं कीपॅडवर आहेत आणि २जी काढलं की ती जिओकडेच जातील ही भीती त्यांना आहे. माझा अंदाज विचाराल तर एका रात्रीत काही होणार नाही, एखाद्या भागात २जी पातळ करत नेतील, रेंज कमी होत जाईल आणि लोकांना वाटेल फोन खराब झाला. आत्ता घाबरून फोन बदलायची गरज नाही, पण नवीन घ्यायचाच असेल तर फक्त २जीवाला घेऊ नका. दुकानात हजाराच्या आसपास अजून मिळतात ते, खोक्यावर ४जी आणि व्होल्टी लिहिलेलं नसेल तर सरळ परत ठेवा.

४जी कीपॅड घेताना एक बघा, तो कुठल्या कंपनीला बांधलेला आहे का. जिओफोन, जिओ भारत हे स्वस्त आहेत, जिओ भारत २०२३ ला ९९९ रुपयांत आला, पण त्यात जिओचंच सिम चालतं. गावात जिओची रेंज चांगली असेल आणि बाबांचा नंबर पोर्ट करायची तयारी असेल तर उत्तम सौदा आहे. रेंज घराच्या ओट्यावर बघायची नाही, बाबा दिवसभर जिथे असतात तिथे बघायची, म्हणजे विहिरीवर, गोठ्यात, देवळात. बीएसएनएलचा विचार असेल तर अजून एक मेख आहे. त्यांचं स्वदेशी ४जी सप्टेंबर २०२५ ला देशभर रीतसर सुरू झालं, त्यात ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ (लहरींचा एक ठराविक पट्टा) मोठ्या प्रमाणात वापरलाय, आणि आपल्याकडे २०१६-१७ ला विकलेल्या बऱ्याच ४जी फोनमध्ये तो बँडच नाही. शेजाऱ्याच्या फोनला ४जी आणि तुमच्या ४जी फोनला नाही, असं होतं ते यामुळे.

शेतीवाल्यांसाठी एक गोष्ट, विचारली नाहीये पण सांगोल्याचं गाव म्हणजे बोअर-विहीर असणारच. मोटारीला जो मोबाईल स्टार्टर लावतात, पेटीतून काळी अँटेना बाहेर आलेली असते, तो पण एक जुना मोबाईलच आहे. आत सिम असतं, घरून कॉल लावला की तो आपोआप उचलतो, लाईट तिन्ही फेज आहे की नाही सांगतो आणि बटण दाबलं की मोटार चालू. रात्रपाळीच्या लाईटला अंधारात विंचूकाट्यातून बांधावर जायचं वाचतं, ज्याच्याकडे आहे त्यालाच त्याची किंमत. यातल्या बहुतेक जुन्या पेट्यांत २जीचं मॉड्यूल, म्हणजे नेटवर्क पकडणारा भाग, आहे. भावानं घरातले सगळे नंबर एकदम जिओला पोर्ट केले आणि त्यात पेटीतलं सिम पण गेलं तर त्या दिवसापासून मोटार ऐकणार नाही. असं झालेले लोक आधी वायरमनला बोलावतात, मग पेटी विकणाऱ्याला शिव्या घालतात, आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे येतात. पेटीत २जी असलेल्या कंपनीचंच सिम ठेवा, त्याचा रिचार्ज संपू देऊ नका, आणि नवीन पेटी घेणार असाल तर नुसतं ४जी लिहिलंय म्हणून घेऊ नका, ४जीवर कॉल घेते का ते दुकानदाराला कॉल लावून दाखवायला सांगा. काही ४जी मॉड्यूल फक्त डेटाची असतात, ती ॲपवर चालतात, कॉलवर नाही.

नव्या अँड्रॉइड फोनमधल्या एका बटणाबद्दल पण सांगून ठेवतो. २जी बंद ठेवायची सोय काहींत आलीय, खोट्या टॉवरवरून फसवे एसएमएस येतात त्यापासून बचाव म्हणून, आणि शहरात ते बंद ठेवणं शहाणपणाचंच आहे. पण पुण्याहून आलेल्या नातवानं आजीच्या फोनमध्ये ते बंद केलं आणि गावात त्या कंपनीचं ४जी घरात पोचत नसेल तर आजीचा फोन तो गेल्यापासून मुका. असे फोन "सेटिंग बिघडलंय" म्हणून येतात.

आता मेलबर्न. इथे मी फिरवून सांगणार नाही, बाबांचा नोकिया तिकडे घड्याळ म्हणून चालेल, बाकी काही नाही. ऑस्ट्रेलियात २जी २०१८ पर्यंत सगळ्या कंपन्यांनी बंद केलं, आणि टेल्स्ट्रा-ऑप्टसनं २८ ऑक्टोबर २०२४ पासून ३जी पण बंद करायला घेतलं, तिसऱ्या कंपनीनं त्याच्याही आधी. म्हणजे आपल्याकडे जुन्या फोनला जी खालची पायरी आहे ती तिकडे नाहीच. इंटरनॅशनल रोमिंग घेतलं तरी उपयोग नाही, टॉवरच बोलत नाही तर रोमिंग कुणाशी करणार. आयफोन ५एस पण सोडा, व्होल्टी नाही म्हणजे कॉल नाही.

त्यांचा अजून एक कडक नियम आहे जो इथल्या लोकांना माहीत नसतो. तिकडचा इमर्जन्सी नंबर ०००, आणि जो फोन ०००ला ४जीवरून कॉल करू शकत नाही त्याला सेवा द्यायची नाही असं कंपन्यांवर बंधन आहे. काही फोन असे निघाले की साधे कॉल व्होल्टीवरून व्यवस्थित जायचे पण इमर्जन्सी कॉलसाठी मात्र ३जी शोधायचे, ते पण ब्लॉक झाले. तेव्हा इथून घेतलेला, इथे व्होल्टी चालणारा फोन तिकडच्या सिमवर चालेलच याची खात्री मी तरी देणार नाही. अमेरिकेत पण असाच प्रकार आहे, तिथे एटी अँड टी ही कंपनी आपल्या यादीत नसलेला फोन चालू देत नाही, व्होल्टी असलं तरी. ब्रिटनचं बरंय, तिकडे ३जी काढलं पण २जी २०३३ पर्यंत कधीतरी बंद करायचं ठरलंय, तोवर कीपॅड फोनला निदान आशा आहे.

म्हणून मेलबर्नसाठी माझा सल्ला, ताईंना सांगा तिकडच्या दुकानातून तिकडचाच साधा ४जी फोन घेऊन ठेवा किंवा जावयांचा चालू असलेला जुना फोन तयार ठेवा, तिकडे विकलेला आणि सध्या कुणीतरी वापरत असलेला फोन म्हणजे तपासणी झाल्यासारखीच. त्यात तिकडचं सिम. बाबांचं इथलं सिम मात्र सोबत न्याच, बँकेचे ओटीपी त्यावर येणार. ते ४जी सिम आहे ना हे निघायच्या आधी इथेच बघा, रोमिंग इथूनच चालू करून घ्या, आणि तिकडच्या फोनला दोन खणं असतील तर दुसऱ्यात टाका म्हणजे येणारे एसएमएस मिळतील. कॉल त्या नंबरवर उचलू नका, बिल बघून घाम सुटेल. रिचार्जची मुदत परत येईपर्यंतची टाका, नंबर बरेच दिवस न वापरता पडून राहिला तर कंपनी तो काढून घेऊ शकते आणि बाबांच्या वयात पेन्शनच्या खात्याला जोडलेला नंबर गेला की बँकेच्या किती खेपा होतात ते कुठल्याही गावातल्या म्हाताऱ्याला विचारा.

बाकी, बाबांना कीपॅडच हवा आणि नेट नकोच असेल तर पूर्ण डेटाचा महाग रिचार्ज मारत बसू नका. मोबाईल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायनं २०२४ च्या शेवटी सांगितल्यावर कंपन्यांनी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक काढलेत, ॲपमध्ये ते जरा खाली दडवलेले असतात, दुकानात नुसतं "बिगरनेटचा दाखवा" म्हणा. पैसे पाठवायचे असतील तर कीपॅडवर यूपीआय १२३पे (नेटशिवाय, कॉल लावून पैसे पाठवायची सोय) चालतं, २जीवर पण, फक्त पहिल्यांदा चालू करून देताना कुणीतरी घरातलं जवळ बसायला हवं, पिन बाबांना स्वतःला टाकू द्या.

एस३ आणि ५एस चं काय करायचं विचाराल तर एस३ ची बॅटरी निघते, ती काढून ठेवा आणि फोन ई-कचऱ्यात द्या. ५एस वायफायवर भजनं आणि रेडिओ लावायला बाबांच्या उशाशी चालेल, चार्जिंग धरत असेल तर.